धोंडूबाईंचा उतार

चांदीपच्या धोंडूबाईंनी सातिवलीच्या एका गोदामात अठरा वर्षं पॅकिंगचं काम केलं. गुडघे कुरकुरायला लागले तशी नोकरी सोडली आणि म्हैस घेतली. घरामागचा डोंगरउतार त्यांचाच. पण मधल्या वर्षांत तिथलं गवत गेलं होतं आणि डोक्याच्या वर जाईल अशी रानमोडी माजली होती. म्हैस त्या झुडपाला तोंड लावेना.

फेब्रुवारीत धोंडूबाईंनी सरळ काडी लावली. वारा फिरला आणि शेजारी त्यांच्या पुतण्याची, अल्पेशची, आंब्याची चार कलमं होरपळली.

"काकी, विचारायचं तरी," तो म्हणाला.

"चुकलं माझं." जूनमध्ये त्यांनी आगाशीहून कलमं आणली आणि स्वतः खड्डे खणून लावून दिली.

उतारावर मात्र जळक्या बुडख्यांतून रानमोडी पहिल्यापेक्षा दाट फुटली. धोंडूबाईंनी एक झुडूप कुदळीनं खणून पाहिलं. मुळं वीतभरच खोल होती.

"एवढंच ना," त्या म्हणाल्या.

पुढच्या जुलैत माती भिजल्यावर त्यांनी खालून सुरुवात केली. रोज सकाळी दोन तास. उपटलेली झुडपं पुन्हा रुजू नयेत म्हणून खडकांवर उलटी टाकायची. अल्पेश जेसीबी आणतो म्हणाला.

"नको. मोकली माती दिसली की हीच पहिली उगवते. मी करते हलूहलू."

डिसेंबरात उरलेला उतार पांढऱ्या फुलांनी भरला. नव्या बिल्डिंगमधली खुशी फोटो काढायला आली, तेव्हा धोंडूबाई फुलांचे शेंडे छाटत होत्या.

"आजी, इतकी सुंदर फुलं का तोडताय?"

धोंडूबाईंनी एक सुकलेला गुच्छ तळहातावर चुरला. केसाळ, बारीक बिया निघाल्या.

"दिसायला चांगली हायेत, मी कुठं नाय म्हनते? पन वारा आला की ह्या सगल्या खाली माझ्या साफ केलेल्या जागेत."

"मग सगळंच काढणार?"

"माझ्या उतारावरचं. पलीकडचा डोंगर माझा नाय."

तिसऱ्या पावसाळ्यात खालच्या दोन पट्ट्यांत गुडघाभर गवत आलं. म्हैस आणि तिची पारडी तिथंच चरू लागल्या. एका सकाळी अल्पेश कुदळ घेऊन आला.

"काकी, माझ्या बांधावर कुठून सुरू करू?"

"वरून. मी खालून केलं, वरचं बी खाली येऊन परत रुजलं, एक वर्ष फुकट गेलं."

एवढं सांगून त्या चढाला लागल्या. त्यांचा वरचा पट्टा अजून बाकी होता.