ज्ञानूच्या पत्राचा कोपरा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी भर सभेत टिंगल केलेली आहे. करणी, नजर, अंगात येणं, या सगळ्यांविरुद्ध पत्रकं लिहिली, रात्री जागून सायक्लोस्टाइल केली, कोरेगावच्या बाजारात वाटली. त्यातलं एक अक्षरही आज मागे घेत नाही. तरी हे लिहितोय... कारण घडलेलं लपवणं हाही खोटेपणाच.

आमचं गाव कोरेगावजवळच. समोरच्या घरातला माझा बालमित्र ज्ञानू लढाईत ब्रह्मदेशाकडे गेला. लढाई संपली, गावचे बाकीचे शिपाई परतले. ज्ञानू आला नाही. सरकारची तारही आली नाही. त्याची बायको सोनावहिनी पत्रं सांगायची, मी लिहायचो.

त्यातलं एक परत आलं. माणूस सापडला नाही की पत्र मुंबईच्या डेड लेटर ऑफिसात जातं. पाकीट फोडायचा अधिकार फक्त तिथल्या कारकुनाला. आत पाठवणाऱ्याचा पत्ता मिळाला तर पत्र सरकारी लिफाफ्यातून परत येतं. नाही मिळाला तर काही काळ ठेवून जाळून टाकतात.

आमचं पाकीट वरच्या कडेने सुरीनं कापलेलं होतं, त्याचे कोपरे शाबूत. आतल्या कागदाचा मात्र खालचा एक कोपरा फाटलेला...

मयताची खबर कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडायची आपल्याकडची रीत. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही तेवढं वाचता येतं. सोनावहिनीने कागद पाहिला आणि तो घरात न नेता उंबऱ्याबाहेरच बसली.

"आता बांगड्या ठिवून काय उपेग?" ज्ञानूचे चुलते आबा म्हणाले. "पोराचं दिवस तरी घालू."

मी भडकलो. "आबा, कारकुनाच्या हातून फाटलं असेल! सरकारचा कागद नाही, साक्षीदार नाही, आणि जित्या माणसाचे दिवस घालता?"

"मग तूच सांग की रं पत्रकवाल्या, कसला पुरावा पायजे तुला?"

मी सांगितला. सगळ्यांदेखत ज्ञानूला नवं पत्र लिहिलं आणि कागदाच्या चारही कोपऱ्यांवर सही केली. तसंच दुसरं पत्र पडताळ्यासाठी मिरजेच्या पत्त्यावर, जगात नसलेल्या, मीच रचलेल्या माणसाच्या नावे.

"ज्ञानूचं अखंड परत आलं, तर बांगड्यांना कुणी हात लावायचा नाही."

"आनि फाटून आलं तर?"

"येणार नाही."

"तर... म्हंतोय मी."

"तर मी मधे पडणार नाही."

आतून सोनावहिनी म्हणाली, "करा. मला बी एकदाचं कळू द्या."

कित्येक आठवड्यांनी पोस्टमनने दोन्ही लिफाफे एकदमच माझ्या हातात दिले. "तुमची पत्रं मुंबई बघून आली गड्या, आमी हाय तितंच!"

मिरजेचं पत्र जसंच्या तसं होतं. ज्ञानूचं आबांसमोर उघडलं. तीन सह्या. वरचा डावा कोपरा गेलेला. पाकीट शाबूत, आणि फाटलेला तुकडा पाकिटात नाही.

मी तडक कोरेगावच्या पोस्टमास्तरांकडे गेलो. ते म्हणाले, "अहो, एकदा हातून फाटेल. दोनदा, दोन्ही वेळा याचंच?"

विहिरीवर बांगड्या फुटल्या. शब्द दिला होता, मधे पडलो नाही.

त्यानंतर एका दुपारी सोनावहिनी दारात आली. हात पदराखाली. "भावजी, आनि एक लिवा."

"वहिनी, आता कुणाला?"

"कोपरा आपसूक फाटत न्हाई. कोन तरी हातात घेतंया. ह्येच असतील, तर म्हनावं... कळलं आमाला. आता फाडू नगा."

मी लिहिलं. सरळ ओळीत, स्वच्छ अक्षरात.

ते पत्र परत आलंच नाही. टपालात गहाळ झालं असेल, मुंबईत कुठे पडून राहिलं असेल... कारणं मी रोज शोधतो. एकही स्वतःला पटत नाही.

"पोचलं असंल," सोनावहिनी म्हणते. तेवढ्यावर ती दिवस काढते आहे. आत पत्ता सापडला नाही तर डेड लेटर ऑफिसात पत्र जाळतात, हे मी तिला सांगितलेलं नाही.

आमचा पत्ता मी नेहमी कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लिहितो.