हत्तिणीच्या मापाची अंबारी

आमच्या वन्संनी उभा जन्म अंबाऱ्या करण्यात घालवला, पण त्यांची एकही अंबारी हत्तीच्या पाठीवर चढली नव्हती. एक हॉटेलच्या दारात आहे, तिच्यात कुंड्या ठेवल्यात. एक फोटो स्टुडिओत आहे, तिच्यात रडणाऱ्या मुलांना बसवून हसायला लावतात. बाकीच्या लग्नाच्या हॉलवाल्यांनी नेल्या.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वडिलांमागे कारखाना त्यांनीच चालवला. लाकडाचा सांगाडा त्या करायच्या, वरचा नक्षीचा पत्रा त्याच ठोकायच्या. छताची झालर आणि गाद्या माझ्याकडे. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायच्या, "हत्तीवाल्याचं स्थळ आणा, उद्या करते." लोक हसायचे. त्यांना मात्र आपली अंबारी एकदा हत्तीवर चाललेली बघायची होती, ती गंमत नव्हती.

मग एका बागेच्या मालकाचं बोलावणं आलं. त्यांच्याकडे खरीखुरी हत्तीण होती. नव्या बागेच्या उद्घाटनाला तिच्यावर बसून त्यांना मिरवणूक काढायची होती. मी देवापुढे दिवा लावला आणि म्हटलं, "देवानं ऐकलं हो वन्सं." त्या म्हणाल्या, "देवाचं झालं. आता हत्तीण ऐकते का बघू."

माप घ्यायला गेलो तेव्हा हत्तीण नुकती आजारातून उठली होती. बरगड्या दिसत होत्या, पाठीचा कणा वर आला होता. माहूत तिला 'बाईसाहेब' म्हणायचा आणि तिच्याशी अगदी आदबीनं बोलायचा. वन्संनी शिडीवर चढून शिशाची मऊ पट्टी तिच्या पाठीवर दाबली आणि पट्टीला आलेला बाक घरी येऊन जसाच्या तसा फळीवर उतरवला. अंबारीचं वजन कण्याच्या दोन्ही अंगांना सारखं पडावं लागतं, म्हणून खालच्या फळ्या त्या एकाच जनावराच्या पाठीप्रमाणे कोरतात. दुसऱ्या हत्तीला ती बसत नाही. आधीच्या साऱ्या अंबाऱ्या खालून सपाटच होत्या. वन्सं त्या फळ्या तासताना कुणाशी बोलत नसत. चहा पुढे ठेवला तर तो गार व्हायचा.

तीन-चार महिन्यांनी, उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच अंबारी घेऊन पोचलो. हत्तीण आमच्याकडे पाठ करून उभी होती. केवढी रुंद झाली होती! माहुतानं तिला बसवलं, पाठीवर गादी टाकली, माणसांनी अंबारी उचलून वर ठेवली. ती अंबारी डुगडुगायला लागली.

वन्संनी फळीखाली हात घातला. "काय खायला घातलंत हो हिला?"

"सगळं!" माहूत खुशीत होता. "ऊस, केळी, गूळ. म्हटलं, एवढी झगमगीत अंबारी येणार, बाईसाहेब तिच्याखाली हडकुळ्या दिसायला नकोत."

"अहो, मी हडकुळीचंच माप घेतलं होतं!"

"मग तेव्हाच सांगायचं ना, ताई."

"काय सांगायचं? आजाऱ्याला खाऊ घालू नका म्हणून?"

"मग मी तरी कसं उपाशी ठेवू?"

दोघांचंही बरोबर होतं. म्हणून तर माझी जास्तच चिडचिड झाली. एकाला तरी मनसोक्त बोलता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

मालक घड्याळ बघत आले. "दोर आवळून टाका की घट्ट. तासाभराचाच तर प्रश्न आहे."

माहुतानं दोर हातात घेतला, पण वन्संकडे बघत थांबला. "ताई, तुम्ही म्हणाल तसं. आवळू?"

मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. काय मागावं ते मात्र सुचेना. वन्संनी पुन्हा हात घातला. फळ्यांच्या कडा दोन्ही बाजूंनी गादीतून कातडीत रुतत होत्या. हत्तिणीनं नुसता कान हलवला.

"उतरवा," वन्सं म्हणाल्या. मग मालकांकडे वळून, "दोन दिवस द्या. तासून आणते."

"पाहुणे दारात आहेत, बाई!"

शेवटी अंबारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढली. तिथेही ती डुलायला लागली, तेव्हा कुणीतरी विटा आणून खाली सरकवल्या. एवढ्या जिवापाड काढलेल्या बाकाखाली विटा! मालक आत बसले, बँड वाजायला लागला. पुढे हत्तीण मोकळ्या पाठीनं चालली होती, आणि माहूत तिच्या बाजूनं मान खाली घालून.

"वन्सं," मी म्हटलं, "देवाच्या मनात नसेल..."

"वहिनी, देवाला मध्ये आणू नका. गूळ त्यानं नाही चारला."

मिरवणूक परत आली. मालक घामाघूम, पण खूश होते. "फर्स्ट क्लास झालं! पुढच्या बागेलाही अशीच एक करा. फक्त खालून सपाट ठेवा, म्हणजे विटांची कटकट नको."

"सपाट करणं मी बंद केलंय."

"कधीपासून?"

मलाही ते नवीनच होतं. वन्सं ट्रॉलीत चढून त्या विटा काढायला लागल्या होत्या. "बघत काय बसलात वहिनी," त्या खेकसल्या, "त्या बाजूनं धरा. पत्रा चेपेल."