ओसरीवरचा हंडा

डॉक्टर वामनराव गेल्याचे मला भांडीबाजारात कळले. शाळा सुटून घरी निघालो होतो. रतनशेटनी दुकानाच्या पायरीवरूनच हाक मारली, "मास्तर, तुमचे डॉक्टर गेले हो सकाळी. झोपेतच." मी नुसते "बरं" म्हणालो. त्याला आता महिना होऊन गेला. लोक त्यांची विलायतेची पदवी सांगतात, मेंदूच्या विकारांचा अभ्यास सांगतात. ते सगळे खरेच आहे. मला मात्र त्यांच्या ओसरीवरचे बाकडे आठवते.

नाशकात त्यांना 'डोक्याचे डॉक्टर' म्हणत. त्यामुळे त्यांच्या दारात टांगा थांबवायलाही लोक लाजत. मी लाजलो नाही, कारण लाजायची ताकद उरली नव्हती. आम्ही तांबट. आमच्या आळीतला पहिला बी. ए. मी. मिठाच्या सत्याग्रहाच्या साली पास झालो आणि हातोडीऐवजी खडू हातात घेतला. याचा मला अभिमान आहे, आणि तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तो माझ्याहून जास्त होता. पण पुढे थोड्याच वर्षांत तात्या विसरू लागले. आधी नावे गेली, मग वाटा, मग कधीकधी मीसुद्धा. राहिले ते एकच. भांडे दिसले की मठारायचे, हातोडीने ठोकून त्यावर गोल गोल ठसे उमटवायचे. दुकानांपुढे मांडलेले तयार हंडे ते खुशाल उचलून घरी आणीत आणि ठोकायला बसत. एकदा रतनशेटनी हात धरला, "तात्या, हा विकायला ठेवलाय!" तर तात्या त्यांच्यावरच डाफरले, "असला अर्धवट माल विकतोस? आळीचं नाक कापशील!"

तेव्हा सगळे हसले. पुढे हसणे आटले आणि कुणीतरी पोलिसांचे नाव काढले. तात्यांचे धाकटे भाऊ, अण्णाकाका, मला म्हणाले, "वेड्यांच्या इस्पितळात ठेवू त्याला. तिथं सरकार बघतं. तू शिकलेला, तुझी सही चालेल." आई नव्हती. बायको बाळंतपणाला वणीला, माहेरी. दिवसभर शाळा, आणि घरी आलो की उजाडेपर्यंत तात्यांच्या मागे उठबस. मी काकांना एवढेच म्हणालो, "आधी डॉक्टरांना दाखवू. ते म्हणतील तसं."

डॉक्टरांनी तात्यांना खुर्चीत बसवले आणि गुडघ्यावर त्यांची ती तपासायची छोटी हातोडी मारली. तात्यांनी झटकन ती काढूनच घेतली. उलटीपालटी करून पाहिली. "रबराची? हिनं काय तांबं वळणार?"

"नाही वळत हो," डॉक्टर म्हणाले. "मीही तेच म्हणतो. उद्या तुमची घेऊन या."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, यांच्यावर औषध नाही. हे वाढतच जाणार. तुम्ही नीट झोपून किती दिवस झाले?" मी बोटांवर मोजू लागलो. "इस्पितळात घालू नका. तिथं यांना हातोडी कोण देणार?"

दुसऱ्या दिवशी गेलो तर ओसरीवर तांब्याचा कोरा हंडा. डॉक्टरांनी बाकड्याकडे बोट केले. "रोज शाळा सुटली की यायचं. यांनी ठोकायचं, तुम्ही झोपायचं." आत पेशंट, बाहेर ठणठण. माईंनी, डॉक्टरांच्या पत्नीने, दोन दिवस सोसले, मग त्या बाहेर आल्या. "अहो, इथं माणसं डोकं दुखतं म्हणून येतात! आणि तुम्ही दारातच तांबटआळी बसवलीत!"

"मग पेशंट वाढतील," डॉक्टर आतून म्हणाले.

त्या आवाजात मला गाढ झोप लागे. आमचा जन्मच त्या आवाजातला. शिवाय ठोके चालू आहेत म्हणजे तात्या जागेवर आहेत. ठोके थांबले की मला आपोआप जाग येई. तात्यांनी बाजारातले हंडे उचलणे सोडले. डॉक्टरांकडे आपले काम पडले आहे, एवढे त्यांच्या पायांना कळत असावे. काल मठारलेला हंडा आज त्यांना कोराच वाटे. ठोकून ठोकून पत्रा पातळ झाला, चिरला. डॉक्टरांनी तो डाख लावून सांधून आणला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

एकदा शेवटचा पेशंट गेल्यावर ते बाकड्यावर माझ्या शेजारी येऊन टेकले. डोळे मिटून म्हणाले, "एवढं शिकलो मास्तर, पण या दुखण्यातलं एक माणूस मला माघारी आणता आलं नाही." तात्यांनी मान वर केली. "गप्पा नंतर. काम पडलंय." आम्ही दोघेही हसलो... दमलेली माणसे हसतात तसे.

पुढे तात्या वारले ते घरीच. आपल्या अंथरुणात, अण्णाकाकांच्या मांडीवर डोके ठेवून. इस्पितळाचा विषय काकांनी पुन्हा कधी काढला नाही.

परवा माईंना भेटायला गेलो. हंडा ओसरीवर होता, हातोडी त्याच्या पोटात. "मोडीत द्या म्हणतात सगळे," माई म्हणाल्या. "डाख केव्हाच सुटलाय, पाणी तर राहत नाही त्यात." पण हंड्यावर धूळ नव्हती. त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी बाकड्यावर बसलो, भिंतीला पाठ टेकली. दिवसभर वर्गात उभे राहून पाय भरून आले होते. डोळे मिटून घेतले.

झोप आली नाही. फार शांत होते.