चारित्र्याचा दाखला

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय, ते विचारू नका — मलाच ठाऊक नाही.

कॅनडात कायमचं राहायची परवानगी मला दोन वर्षांपूर्वी मिळाली. गावात पेढे वाटले ते माझ्या मोठ्या भावानं, दादानं. तेव्हा तो जामिनावर सुटलेला होता. काहींनी त्याच्या हातचा पेढा घेतला, काहींनी घेतला नाही.

आमचं गाव मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, राजेगावजवळ. लहानपणापासून माझा हात लगेच उठायचा — शाळेत एकाचा दात पाडला, बैलाला मारता मारता काठी मोडली. दादा सरकारी शाळेत अतिथी शिक्षक, म्हणजे कंत्राटी मास्तर; शेळपट वाटावा इतका शांत. "तुया नाकावर माशी बसत नाही," म्हणायचा आणि हसायचा.

अर्जाला पोलिसांचा दाखला लागतो — या माणसावर गुन्हा नाही, असा. त्यासाठी शिपाई गावात येतो, शेजाऱ्यांना विचारतो, दोघांच्या सह्या घेतो. तो आमच्या घरासमोरच्या हिरामणभाऊच्या पंक्चरच्या दुकानात बसला होता. मी दारातून बघत होतो. दोघं बोलले, हसले, आमच्या घराकडे बघितलं. मग दोन आठवडे दाखला नाही. मला आणखी पुरावा कशाला हवा होता? यानंच सांगितलं असणार, पोरगा मारकुटा आहे. ते डोक्यात पक्कं बसलं.

दिवाळीनंतर गावात मंडई भरली, आमच्याकडची जत्रा. भर दुपारी, दुकानांच्या मागं जिथं बंड्या, म्हणजे बैलगाड्या, सोडलेल्या असतात, तिथं हिरामणभाऊ एकटा दिसला — पाठमोरा. मी एका बंडीच्या कडेचा उभा दांडा, उभारी म्हणतात ती, उपसली आणि त्याच्या डोक्यात घातली. तो पालथा पडला. थांबलो का? नाही. पाठीत घातली, मानेवर घातली, हाड वाजलं तरी घातली. खोटं कशाला बोलू — बरं वाटत होतं.

"काहून मारून राह्यला रे! मरून जाईन तो!" दादा धावत आला आणि त्यानं उभारी माझ्या हातातून हिसकली. तेवढ्यात माणसं जमली. रक्तानं माखलेलं लाकूड दादाच्या हातात, मी रिकाम्या हातांनी उभा. "कोनं मारलं बे?" कोणीतरी ओरडलं.

"दादानं," मी म्हणालो.

कोणी शिकवलं नव्हतं — विचार करायलाही वेळ लागला नाही. डोळ्यांपुढे फक्त दाखला होता. दादानं माझ्याकडे पाहिलं. आणि उभारी तशीच धरून उभा राहिला. माझं नाव त्यानं कधीच घेतलं नाही.

ठाण्यात माझा जबाब लिहून घ्यायला तोच शिपाई. लिहिता लिहिता म्हणाला, "इसी हीरामन ने तो तुम्हारे लिए लिखकर दिया था, लड़का सीधा है।" मी ऐकलं. आणि जबाबावर सही केली. आठ दिवसांत दाखला आला.

दादाची नोकरी गेली. हिरामणभाऊ जगला, पण शर्टाचं बटण अजून बायको लावून देते, आणि त्या दुपारचं त्याला काही आठवत नाही. मग कोर्टानं मला साक्षीला बोलावलं — व्हिडिओवर, इथूनच. पहिल्यांदा भेदरलो होतो, असं म्हणता येईल. पण आता? आता तर परवानगी खिशात होती. ती जाईल म्हणून? हो, म्हणूनच. सरकारी वकिलानं विचारलं, मारताना कोणाला पाहिलं. मी दादाचं नाव घेतलं, आडनावासकट, एका दमात. पडद्याच्या कोपऱ्यात तो मान पुढे काढून मलाच बघत होता.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "लय वाळला रे तू. जेवतं का नाही बराबर?"

"हौ," मी म्हणालो.

महिन्याभरात दादाला सात वर्षांची शिक्षा झाली. मारलं होतं मी.