अण्णांसाठी टीव्ही घेताना

आई गेल्यावर दीड वर्ष अण्णांच्या घरातला टीव्ही कुणी लावलाच नाही. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. भोसरीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. मी निगडीला राहते, एक रविवार सोडून एक त्यांच्याकडे जाते. गेले की भाजी निवडायची, चादरी धुवायच्या, थोडं बोलायचं आणि संध्याकाळी परत यायचं. बोलणं असं फारसं व्हायचंच नाही. मी एक विचारायची, ते दुसरंच सांगायचे. फोनवर तर "हं, हं, बरंय" म्हणून लगेच ठेवून द्यायचे. आईच्या जाण्याने ते आतून मिटले, असं मी समजत होते. कधी कधी रागही यायचा.

एका रविवारी मीच टीव्ही लावला. अर्ध्या पडद्यावर उभ्या रेघा, अर्धा काळा. दुरुस्तीवाला म्हणाला, पॅनल गेलंय, त्यापेक्षा नवा स्वस्त पडेल. मी अण्णांना म्हटलं, "नवा घेऊ या."

"कशाला माय," ते म्हणाले. "मला काय करायचाय टीव्ही."

ते असं का म्हणाले, ते मला ठाऊक होतं असं मला वाटलं. त्यासाठी आईचा तो दिवस सांगायला हवा.

दुपारची वेळ होती. आई स्वयंपाकघरात, अण्णा बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर. आईला झटका आला आणि ती ओट्याखाली कोसळली. भिंतीपलीकडच्या काकूंनी नंतर सांगितलं, आधी पातेलं पडल्याचा आवाज आला, मग "अहो, अहो" अशा हाका. टीव्ही नेहमीसारखाच मोठ्याने चालू होता, त्यामुळे काकूंना वाटलं, अण्णा आहेतच. बऱ्याच वेळाने अण्णा पाणी प्यायला आत गेले, तेव्हा आई त्यांना दिसली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. त्यानंतर ती अकरा दिवस होती.

माझा मोठा भाऊ, दादा, राजगुरुनगरला राहतो. काकूंचं बोलणं त्याने ऐकलं आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात अण्णांसमोर उभा राहिला. "ती हाका मारत होती, अण्णा. शेजाऱ्यांना ऐकू आल्या. आणि तुम्ही टीव्ही बघत बसला होता?"

अण्णा फरशीकडे बघत राहिले. मी दादाला थांबवलं नाही, कारण माझ्याही मनात तेच होतं. तेराव्यानंतर दादा गेला तो परत भोसरीला आला नाही. घरखर्चाला पैसे पाठवायचा, पण अण्णांना फोन करायचा नाही.

म्हणूनच मला नवा टीव्ही हवा होता. वाटलं, घरात काहीतरी हलेल, कुणाचा तरी आवाज येईल. मी कंपनीच्या बसने चाकणला जाते. त्या प्रवासात तीन आठवडे फोनवर टीव्हीच बघत होते. बत्तीस इंची की त्रेचाळीस, कुठल्या साइटवर किती, कुठल्या कार्डावर सूट. आमच्या क्वालिटी विभागातले एक साहेब म्हणाले, "गेल्या वर्षीचं मॉडेल बघा मॅडम. बहुतेक वेळा पॅनल तेच असतं, नुसता नंबर बदलतो. आणि दुकानात जाऊन ऑनलाइनचा भाव दाखवा, ते खाली येतात." मी दोन मॉडेलं कागदावर लिहून घेतली. अण्णांना सोबत न्यायचंच असं ठरवलं. वस्तू स्वतः निवडली की माणूस ती वापरतो, असा माझा हिशोब.

निगडीतल्या दुकानात दुपारी गर्दी नव्हती. विक्रेते पन्नाशीचे होते, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी माझी दोन्ही मॉडेलं शेजारी शेजारी लावून दाखवली. दोन्हींवर एकच गाण्याचा कार्यक्रम चालू केला.

"चित्र दोन्हीत सारखंच आहे, ताई," ते म्हणाले. "पण याचा स्पीकर भारी. त्या दुसऱ्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. चार हजारांचा फरक पडतो, पण रोज ऐकायचंय ना."

त्यांनी आळीपाळीने दोन्हींचा आवाज ऐकवला. फरक मलाही कळला. अण्णा हात मागे बांधून पडद्यांकडे बघत होते. मी म्हटलं, भारी स्पीकरवालाच घेऊ, पण भाव कमी करा. आम्ही काउंटरपाशी गेलो. गाण्याच्या गोंगाटात बोलणं कळेना, म्हणून त्यांनी रिमोटने दोन्ही टीव्हींचा आवाज बंद केला. मी फोनवरचा भाव दाखवला, ते मालकांशी बोलले, थोडं ते खाली आले, थोडी मी वर गेले. मनासारखं जमलं. मला बरं वाटत होतं. रिमोट हातात घेऊनच ते अण्णांकडे गेले आणि त्यांच्या समोर उभं राहून त्यांनी विचारलं, "काय काका, आवडला का? आवाज कसा वाटला?"

अण्णांनी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "चांगलाय. एकदम खणखणीत."

दोन्ही पडदे मुके होते. गाणाऱ्या बाईचं तोंड हलत होतं, बाहेर रस्त्यावर एका बसचा हॉर्न वाजला, तेवढाच काय तो आवाज. क्षणभर मला वाटलं, अण्णा गंमत करताहेत. पण अनोळखी माणसाशी अण्णा कधी गंमत करत नाहीत. विक्रेत्यांनी हातातल्या रिमोटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

आमचे चेहरे बघून अण्णांना काहीतरी चुकल्याचं कळलं. ते परत पडद्याकडे वळले. कोपऱ्यात स्पीकरवर काट मारलेलं लहानसं चित्र होतं. ते त्यांना दिसलं. मागे प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर ते हळूच बसले.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तर ते वर न बघता म्हणाले, "तो दुसरा घे, कमी पैशातला. आवाजाचं मला काय करायचंय."

तोच घेतला. त्या विक्रेत्यांनी भिंतीवर लावायच्या स्टँडचे पैसे बिलात धरले नाहीत आणि दारापर्यंत येऊन अण्णांना नमस्कार केला. ज्या किमतीला मी तो टीव्ही घेतला, ती ऐकून बसमधल्या बायका नंतर म्हणाल्या, नशीबवान आहेस.

भोसरीला आलो. मी चहा केला आणि अण्णांच्या अगदी समोर बसले, त्यांना माझं तोंड दिसेल असं.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी चहा संपवला. अण्णा धाराशिवकडचे. तरुणपणी इकडे आले आणि एका प्रेस शॉपला लागले, तीस वर्षं पत्रा दाबायच्या मशीनच्या दणदणाटात काढली. "डावा कान तर तू शाळंत होतीस तवाच गेला," ते म्हणाले. "उजवा हळूहळू. सांगितलं असतं तर मशीनवरनं काढून झाडायला लावलं असतं. पगार कमी झाला असता."

"आईला माहीत होतं?"

"तिलाच माहीत होतं."

मग मला एकेक आठवत गेलं. अण्णांचा फोन नेहमी आईच उचलायची. कुणी आलं की आई त्यांच्या शेजारी बसायची आणि पाहुण्याचं बोलणं वळून त्यांना पुन्हा सांगायची. जेवायला बोलवायचं तर हाक मारायची नाही, जाऊन दंडाला हात लावायची. टीव्हीच्या आवाजाची कुणी तक्रार केली की म्हणायची, "राहू द्या, त्यांना मोठ्यानेच आवडतं." आम्ही दोन्ही मुलं त्या घरात वाढलो. आम्हाला ते नवरा-बायकोचं प्रेम वाटायचं. होतंही तेच, पण कशासाठी ते कळलं नाही.

"म्हणजे त्या दिवशी तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं," मी म्हटलं.

"नाई आलं."

"मग दादाला का नाही सांगितलं? तो काय काय बोलला तुम्हाला."

अण्णांनी कप खाली ठेवला. "काय सांगायचं? ती तर हाका मारतच होती ना. तिला ठाऊक होतं मला ऐकू येत नाही, तरी मारत होती. आन् मी हितंच बसलो होतो."

मी कप विसळायला आत गेले आणि ओट्यापाशी नळ तसाच सोडून उभी राहिले.

रात्रीपर्यंत थांबवेना. निगडीला परतताना रिक्षातूनच दादाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "रविवारी येतो."

तोपर्यंत टीव्ही भिंतीवर लागला होता. अण्णा कुस्त्या बघत होते. दादा आला, दारातच चपला काढून थोडा थांबला. अण्णांनी त्याला बघितलं, सरकून पलंगावर जागा केली. दादा शेजारी बसला. दोघं समोर बघत होते. मी आतल्या दारात उभी होते. बऱ्याच वेळाने दादा मान खाली घालून बोलू लागला. "अण्णा, माझं चुकलं. मी तुम्हाला तसं बोलायला नको होतं. दीड वर्ष मी..."

अण्णा कुस्ती बघत होते.

दादाच्या ते लक्षात आलं तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. मी खुणेने म्हटलं, समोर बस, पुन्हा बोल. त्याने नाही अशी मान हलवली. एकदा बोलायलाच त्याला इतके दिवस लागले होते, दुसऱ्यांदा त्याच्याने होईना. जेवून गेला. जाताना अण्णांच्या पाया पडला.

पुढे मी अण्णांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. शिरा गेल्या आहेत, ते म्हणाले, फार आधी यायला हवं होतं. यंत्र दिलं. त्याने नुसती खरखर वाढते म्हणून अण्णा ते काढून ठेवतात, मी गेले की माझ्यासाठी घालतात. दादा आता महिन्यातून एकदा येतो. समोर बसून, तोंड हलवून, पाण्याचं आणि सिलिंडरचं बोलतो. त्या दिवसाचं कुणी काढत नाही.

मध्यंतरी मी चादर बदलत होते, तर अण्णांनी अचानक विचारलं, "तवा तो मान खाली घालून काय म्हणत होता?"

म्हणजे त्यांना दिसलं होतं. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सावकाश सांगितलं, "माझं चुकलं, म्हणाला."

अण्णांनी थोडा विचार केला. "त्याचं काय चुकलं," ते म्हणाले आणि चादरीचं दुसरं टोक धरायला उठले.