हर्षालीचा टॉप

खोटं कशाला बोलू, हर्षाली मला पहिल्या दिवसापासून खुपायची. सटाण्याकडची पोरगी, घरी कांद्याची शेती, आयटीआय करून आमच्या कंपनीत लागली. सातपूरला मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहायची. जेवणाच्या सुट्टीत आईशी फोनवर अहिराणीत इतकी खिदळायची, की माझा घास घशाखाली उतरायचा नाही.

आमचं काम म्हणजे केसाएवढ्या काचेच्या तारेत लेसरचा उजेड शिरवायचा. तारेच्या टोकालाच बारीक भिंग घडवलेलं असतं. मायक्रोस्कोपखाली नॉब फिरवत ते टोक लेसरसमोर आणायचं, पण टेकू द्यायचं नाही. टेकलं की दोन्ही कामातून गेले. शंभरातला किती उजेड आत शिरला ते मीटरवर दिसतं. सगळ्यात मोठा आकडा म्हणजे टॉप. टॉपवर आणायचं, निळा दिवा लावून गोंद कडक करायचा, झालं. चौदा वर्षं मी हेच करतेय. माझा टॉप पंच्याऐंशीचा. गोंद सुकला की त्र्याहत्तरवर यायचा, पण तेवढं चालून जायचं.

आणि ही बया! टॉप सापडला की मुद्दाम नॉब जरासा फिरवून आकडा सत्तरवर सोडायची. दिवा लावला की तो खाली जायच्या ऐवजी वर चढायचा. ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी! मी विचारलंही नव्हतं, तर आपणहून सांगायला आली.

"वत्सलाताई, गोंद सुकताना आकसतो, तार खाली ओढतो. तो जेवढं ओढणार तेवढी तार आधीच वर सोडायची. भंगारातले पीस घेऊन बघितलं मी."

"बरं बरं," म्हटलं. काल आलेली पोर मला शिकवणार! तिचं खरं होतं, म्हणून तर अंगाचा तिळपापड झाला. मी हट्टानं माझ्याच पद्धतीनं करत राहिले.

मग नवी ऑर्डर आली. ऐंशीच्या खाली एकही पीस घेणार नव्हते. आमचे सुपरवायझर धनराज सर म्हणाले, "जिचे पाच पीस लागोपाठ ऐंशीच्या वर जातील, ती नव्या लाईनची लीडर. कोणाचेच नाही गेले तर सीनियर." सीनियर मीच.

माझे पाचही घसरले. हर्षालीचे चार पास झाले. पाचव्याला गोंद लावून तिनं तार सत्तरवर सोडली, तेवढ्यात गेटवरून निरोप आला, वडील आलेत म्हणून. ती उठली आणि मला म्हणाली, "ताई, गोंद ओघळायच्या आत तेवढा दिवा लावाल?"

"जा, लावते," मी म्हटलं.

ती दाराबाहेर गेली. मी नॉबला हात घातला आणि आकडा एका दमात टॉपवर आणला. पंच्याऐंशी. मग दिवा लावला. आकडा घसरताना बघून मला, काय सांगू, बरं वाटलं.

ती परत आली तेव्हा सर मीटरपाशी उभे होते. "अगं, हा त्र्याहत्तर कसा?"

तिनं आकडा बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"माझाच हात हलला, सर," ती म्हणाली.

सरांनी तिथंच माझं नाव लीडर म्हणून सांगितलं. सुट्टी झाल्यावर, कामावरच्या टोप्या काढायच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. आता भांडणार म्हणून मी पदर खोचूनच उभी होते.

"ताई, त्र्याहत्तर आला म्हणजे टॉप अगदी नेमका लागला होता," ती म्हणाली. "एवढ्या घाईत! मला दहा मिनिटं लागतात हो."

मी त्यात टोमणा शोधला. नव्हता. चौदा वर्षांत माझ्या हाताचं कौतुक कोणी केलं नव्हतं. केलं ते या मेलीनं, आणि तेही यावरून. चार शिव्या घातल्या असत्या, तर मी लीडर म्हणून मिरवले तरी असते.