ओट्याला पाजलेलं तेल

नव्वदीच्या अखेरीस मुरबाडकडच्या आमच्या घरात स्वयंपाकाचा ओटा आला, तो माझ्या हट्टानं. काळा कडप्पा. सासूबाईंचा जन्म चुलीपुढे उकिडवं बसण्यात गेला होता, मला माझा तसा घालवायचा नव्हता. थोरल्या दिरांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांना उभ्यानं रांधणारी बाई म्हणजे उद्धटपणा वाटायचा. वाटू दे, म्हटलं.

आणि तो ओटा मीच नासवला. दगडावर सिमेंटचे डाग राहिले होते. मिस्त्री फरशी धुवायचं ॲसिड मोरीत विसरून गेला होता, ते मी उचलून ओतलं. फस्सकन फेस आला. डाग गेले, त्यांच्याबरोबर काळा रंगही गेला. उरला तो पांढुरका, खरखरीत दगड. त्यावर आमसुलाचं पाणी सांडलं की आत जिरायचं.

दादांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. "तोडून टाकू. शिमगा झाला का मिस्त्रीला आनतो. आपल्या बाया बसूनच रांधत आल्या, मेल्या नाय."

मेल्या नाहीत, पण गुडघे गेले, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

माझं माहेर वाशिंदचं. तिथं शेजारच्या काकूंना कडप्प्यावर खोबरेल चोळताना मी पाहिलं होतं. इथे तेलाची बरणी सासूबाईंच्या ताब्यात, आठवड्याला माझ्या डोक्यापुरतं वाटीत मिळायचं. तेच मी ओट्याला द्यायला लागले. पहिल्यांदा घाईनं सगळी वाटी उपडी केली. दोन दिवस ओटा चिकट, भाकरीचं पीठ लिंपून बसलं, मुंग्यांची रांग लागली. मग अक्कल आली. ओटा धुवायचा, खडखडीत सुकू द्यायचा, जुन्या लुगड्याच्या फडक्यानं थोडं थोडं तेल जिरवायचं आणि वर राहील ते पुसून घ्यायचं. हळूहळू दगड परत काळा दिसायला लागला.

इकडे माझ्या केसांची केरसुणी झाली. एका लग्नाच्या हळदीला बायकांनी विचारलंच. घरी आल्यावर सासूबाई उखडल्या.

"सवाष्णीचं डोकं कोरडं नि दगडाला तेल! लोकांना वाटतं आमी तुला तेल पन देत नाय."

"देता की. कुठं घालायचं ते माझं मी बघीन."

बोलले आणि वाईट वाटलं. तरी माघार घेतली नाही.

शिमगा झाल्यावर दादा खरंच मिस्त्रीला घेऊन आले. तोच, ॲसिड विसरणारा. पिशवीतून हातोडा काढण्याआधी त्यानं तांब्यातलं पाणी ओट्यावर शिंपडलं. थेंब वरच्या वर राहिले.

"पानी पीत नाय हा दगड," तो म्हणाला. "कशाला तोडता?"

दादांनी शेगडीजवळच्या पांढऱ्या डागावर बोट ठेवलं. तो काही केल्या गेला नव्हता, आजही आहे. "मंग ह्यो काय? हिनंच जाळलाय ना?"

"मीच जाळलाय," मी म्हटलं. "आणि मीच राखलाय. चुकलं म्हणून तोडायचं असेल तर दादा, या घरात सुरुवात कुणापासून करायची?"

घरात कुणी दिराला असं बोललं नव्हतं. दादांचा चेहरा लाल झाला. कोपऱ्यात सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

"चा ठेव गो," त्या म्हणाल्या. "मिस्त्री पिऊन जातील."

मी उभ्यानंच चहा ठेवला.